चार बोटांच्या अंतरावरून: मॅक्रोच्या नोंदी

२ जून

सदाशिव पेठेत मामांच्या माळ्याची आवराआवर. दोन समया, जुन्या कॅलेंडरांची चळत आणि स्टीलच्या डब्यात फडक्यात गुंडाळलेली एक लेन्स. मायक्रो-निक्कोर ५५ मिमी, एफ २.८, म्हणजे निकॉनची मॅक्रो, अगदी जवळून मोठे फोटो काढायची लेन्स; सोबत कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी २७.५ मिलिमीटरची पीके-१३ ही नळी. मामांनी ती १९८४ मध्ये घेतली आणि पुढची पंधराएक वर्षं तिच्यातून फक्त कागद पाहिले. मोडीतली खतपत्रं, हिशेबाची दप्तरं, कडा झडलेल्या पोथ्या. किडा दिसला असेल तर पोथीत मेलेला.

"घेऊन जा तू. मला आता तिच्यावरचे आकडेसुद्धा दिसत नाहीत," म्हणाले.

कागदांचं काम तिच्या रक्तातच आहे म्हणा. निकॉनने पहिलं मायक्रो-निक्कोर १९५६ मध्ये काढलं ते मायक्रोफिल्मसाठी. जपानी कांजी अक्षरांत रेघांची इतकी दाटी की फिल्मवर बारीक झाल्यावर त्या एकमेकींत मिसळायच्या; ते होऊ नये म्हणून ही खटपट. मामांची मोडी आणि जपान्यांची कांजी, दोघांचं दुखणं एकच.

घरी येऊन माझ्या जुन्या निकॉन डी७२०० कॅमेऱ्याला लावली. मेनूत नॉन-सीपीयू, म्हणजे बिनचिपची, लेन्स म्हणून ५५ आणि २.८ भरलं की उजेड मोजणारा मीटर चालतो. बाकी सगळं हातानं. नुसती लेन्स निम्म्या मापापर्यंत जाते, म्हणजे दहा मिलिमीटरचा किडा सेन्सरवर पाच मिलिमीटरचा उमटतो. नळी घातली की एकास एक. माझा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, त्यामुळे एकास एकला रुपयाचं नाणंही फ्रेममध्ये पुरतं मावत नाही.

ठरवलंय ते असं: पावसाळा ते थंडी, एकच लेन्स, पुण्याबाहेर जायचं नाही. किडे पकडायचे नाहीत, फ्रिजमध्ये ठेवून गारठवायचे तर अजिबात नाहीत.

५ जून

जेवणाच्या टेबलावर चाचणी. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी पुस्तकाला ४५ अंशांत टेकवली आणि मधल्या रेघेवर फोकस केला. एकास एकला, एफ ८ वर (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तसं छिद्र बारीक), जेमतेम एक मिलिमीटर स्पष्ट. पुढची रेघ लगेच विरघळते. कागदावर हिशेब केला तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्टीची सरळ खोली ०.६४ मिमी आली. एफ ११ ला ०.८८. निम्म्या मापाला मात्र एफ ८ वरच १.९ मिमी. म्हणजे आकार निम्मा केला की खोली तिप्पट. हे भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे. एकास एकचा हट्ट सोडून निम्म्याला काढावं आणि नंतर कापावं, कारण २४ मेगापिक्सेल असतात कशाला?

मग दहाच्या नोटेवरची सूक्ष्म अक्षरं. एफ ५.६ आणि ८ ला स्वच्छ वाचता येतात, ११ ला चालतील, १६ ला कडा मऊ पडतात, ३२ ला सगळं दुलईत. एकास एकला लेन्स सेन्सरपासून दुप्पट लांब गेलेली असते, त्यामुळे लेन्सच्या कड्यावरचा एफ ८ प्रत्यक्षात एफ १६ सारखा वागतो. दोन स्टॉप प्रकाश गेला, म्हणजे पावच उरला, आणि छिद्रही त्या मानाने बारीक झालं. ३२ चा होतो ६४, मग प्रकाश कडांवरून पसरणारच. थोडक्यात, कड्यावर आठ आकडे आहेत, कामाचे दोन.

आणखी एक मोजमाप. एकास एकला लेन्सच्या टोकापासून पट्टीपर्यंत अंतर माझी चार बोटं. एवढ्या जवळ गेल्यावर कुठलाही जीव थांबेल का, ही शंका आत्ताच येऊन गेली.

९ जून

मृग लागला, रात्री सडकून पाऊस झाला. सकाळी सहाला वेताळ टेकडी, खाणीच्या बाजूने. वाटेवरच्या ओल्या मुरमात मृगाचे किडे! लहानपणी काडेपेटीत भरून शाळेत न्यायचो. त्याच त्या शेंदरी मखमलीच्या गाद्या. पाय आठ, म्हणजे कीटक नव्हेच, कोळ्या-गोचिडांचा भाऊबंद.

दिसायला संथ, पण थांबत नाहीत. मी पोटावर आडवी, कोपर चिखलात, फोकसची रिंग फिरवतेय. फोकस आला असं वाटून बटण दाबेपर्यंत किडा फ्रेमच्या काठाला. पुन्हा रिंग. १४३ फ्रेम. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिल्या. उपयोगाची एकही नाही. किड्याच्या पाठीमागचे वाळूचे कण मात्र काय सुरेख आलेत.

१५ जून

पाऊस. एका हातात कॅमेरा, एका हातात फांदी, छत्री धरायला तिसरा हात नाही. परत आले.

२३ जून

तीन आठवडे फोकस का हुकतोय याचं निम्मं उत्तर सापडलं, आणि ते लाजिरवाणं आहे. व्ह्यूफाइंडरशेजारचं डायॉप्टरचं चाक पिशवीत घासून फिरलेलं होतं. ऑटोफोकसला त्याने काही बिघडत नाही, कॅमेरा आपला आपण मोजतो. इथे मोजणारा डोळा माझा, आणि मी चुकीच्या नंबरच्या चष्म्यातून बघत होते. कॅमेरा आकाशाकडे धरून आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत चाक फिरवलं, वर काळी चिकटपट्टी लावून टाकली.

फोकस जुळल्यावर आत पेटणाऱ्या हिरव्या ठिपक्यावरही फार विसंबले होते. नळी लावल्यावर त्याला उजेड पुरत नाही, तो लुकलुकत राहतो. नीट पेटला तरी त्याला डोळा काय आणि मिशी काय, सारखीच.

उरलेलं निम्मं उत्तर रिंगचं. इतक्या जवळून रिंग फिरवली की फोकस सरकतो त्याहून जास्त आकारच बदलतो. किडा फ्रेममध्ये फुगतो, आकसतो, आपण त्याच्यामागे चाचपडत राहतो. आज उलट केलं. आधी किती मोठा हवा ते ठरवून रिंग तिथे लावली आणि तिला विसरले. मग फोकस अंगाने. हात पुढे नेला तर थरथरतो, म्हणून कोपरं फासळ्यांना लावून कमरेतून पुढे, मागे, पुढे. आजी जात्यावर बसायची तशी. श्वास सोडता सोडता पुढे झुकायचं. त्या अर्ध्या मिलिमीटरची स्पष्ट पट्टी किड्याच्या अंगावरून सरकताना दिसते, ती डोळ्यावर आली की बटण. बाल्कनीतल्या तुळशीच्या मंजिरीवर सराव केला. चाळीसपैकी अकरा. मृगाच्या किड्यांच्या मानाने ही श्रीमंतीच.

७ जुलै

कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर एक अंडं. फिकट पिवळं, मोहरीएवढंही नाही. सकाळी काळं फुलपाखरू कुंडीभोवती घुटमळत होतं, कॉमन मॉर्मन असावं. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, त्यांना दोन्ही चालतात. आता फोडणीसाठी पानं विकत आणायची.

बाल्कनीत वारा आहे. त्यावर उपाय असा सापडला: डाव्या हाताच्या चिमटीत फांदी धरायची आणि त्याच तळव्यावर लेन्सचं टोक टेकवायचं. फांदी हलली तर लेन्सही हलते, मधलं अंतर तेच राहतं. ट्रायपॉड माळ्यावर गेला तो गेलाच.

११ जुलै

अळी बाहेर आली. पहिलं जेवण स्वतःच्याच अंड्याचं कवच. बारा फ्रेम मिळाल्या, त्यांतल्या दोनमध्ये कवचाची कुरतडलेली कडा दिसते.

२३ जुलै

इतके दिवस पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी कात टाकून हिरवीगार झाली. चार बोटांवर गेले, सवयीने श्वास सोडला आणि तो थेट तिच्या डोक्यावर. मानेमागून तांबडं दुहेरी शिंग फटकन बाहेर, आंबूस उग्र वास. फोटो काढायचं राहूनच गेलं, मीच दचकले. दुसऱ्यांदा मुद्दाम फुंकर मारायला मन धजेना. यापुढे श्वास नाकातून, बाजूला वळवून.

४ ऑगस्ट

पंधरा दिवसांपासून एफ ८ चे फोटो विनाकारण पांढरे पडतायत. एफ २.८ वर सगळं ठीक. मीटरला दोष दिला, मेनू चार वेळा तपासला. शेवटी लेन्स काढून मागची छोटी दांडी बोटाने हलवून पाहिली. छिद्राची पाती झटक्यात मिटायला हवीत. ही आळोखेपिळोखे देत मिटतात. उजेडाकडे धरल्यावर पात्यांवर तेलाचा चकाकता ओघळ. आतलं ग्रीस इतक्या वर्षांनी पातळ होऊन उतरलंय. शटर उघडतं तेव्हा छिद्र अजून मोठंच असतं.

पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्यांकडे दिली. त्यांनी कानाशी धरून रिंग फिरवली. "तेल आलंय, आणि फिरकीतलं ग्रीस सुकलंय. एकीकडे जास्त, एकीकडे नाही. माणसांचं पण असंच होतं." बाराशे रुपये, दहा दिवस.

६ ऑगस्ट

लेन्स दुकानात आणि आज सकाळी अळीचा कोष फुटला. फोनवर काढला. चांगला आला, हेच वाईट.

१८ ऑगस्ट

लेन्स परत. रिंग लोण्यासारखी फिरते, पाती टकटक मिटतात.

आता उजेडाचा प्रश्न. चार बोटांवर लेन्सचीच सावली किड्यावर पडते. एफ ८ ला, हातात धरून, ढगाळ हवेत शटर १/३० च्या वर जात नाही. तेव्हा फ्लॅश हवाच. तो कमी ताकदीवर ठेवला की त्याचा लखलखाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो, हाताची थरथर गोठून जाते. बोहरी आळीतून एल आकाराची लोखंडी पट्टी आणली, तिच्यावर फ्लॅश लेन्सच्या टोकाशी आणून बसवला. नुसता फ्लॅश म्हणजे चकाकत्या पाठीवर पांढरा ढब्बा, म्हणून त्याच्यासमोर दुधाची पिशवी धुऊन, कापून, ताणून लावली. उजेड मऊ झाला. पहिलाच गिऱ्हाईक एक ढालकिडा. फोटो मोठा करून पाहिला तर त्याच्या लाल गोल पाठीवर दूध डेअरीचा निळा पट्टा आणि उलटी अक्षरं. आरसाच तो! दुपारी अप्पा बळवंत चौकात जाऊन ट्रेसिंग पेपरचे चार ताव आणले. दोन थर, मध्ये बोटभर पोकळी. हे जमलं.

८ सप्टेंबर

गणपतीचा दुसरा दिवस. घरात पाहुणे, मी खिडकीत. चौकटीवर उडी मारणारा कोळी, नखाएवढा, करडा, पाठीवर दोन फिक्या पट्ट्या. इतर किडे पळतात; हा वळून बघतो. आधी नळीशिवाय, निम्म्या मापाला गेले. त्याने पुढचे दोन पाय उचलले, मी थांबले. त्याने पाय खाली ठेवले, मी एक बोट पुढे. असं वीसेक मिनिटं. आतून हाक: "अगं, आरतीला येतेस का?" कोळ्याने हाकेकडे लक्ष दिलं नाही, मीही नाही. (नंतर ऐकून घ्यावं लागलं.)

नळी चढवली. एकास एकला चेहरा आला तेव्हा मी खरंच मागे सरकले. समोर चार डोळे, मधले दोन मोटारीच्या दिव्यांएवढे, भोवती नारिंगी-पांढऱ्या केसांच्या भुवया. बाजूचे चार डोळे डोक्यावर मागेपर्यंत, एकूण आठ. मधल्या डोळ्यांत एक गंमत दिसली, पुस्तकात वाचली होती पण खरी वाटली नव्हती: डोळा क्षणभर गर्द काळा, दुसऱ्या क्षणी आतून तपकिरी उजळलेला. बाहेरचं भिंग जागच्या जागी, आतला पडदा मात्र तो इकडून तिकडे फिरवतो. काळा असतो तेव्हा तो थेट आपल्याकडे बघत असतो. म्हणजे फोकस कधी करायचा हे तोच सांगतो. मधले डोळे काळे झाले, कंबर पुढे, बटण.

६४ फ्रेम, १७ चांगल्या. मधल्या डोळ्यात ट्रेसिंग पेपरचा पांढरा चौकोन आहे आणि त्याच्या खाली, अगदी बारीक, आमच्या खिडकीचे गज. नाकाच्या जागी मात्र धूसर, कारण डोळ्यापासून तोंडापर्यंतचा उतारसुद्धा त्या अर्ध्या मिलिमीटरला झेपत नाही. कॅमेरा जरा खाली झुकवून चेहऱ्याच्या प्रतलाशी समांतर धरला असता तर दोन्ही मिळालं असतं. ही नोंद पुढच्या वेळेसाठी.

२९ सप्टेंबर

टेकडीवर रुईचं झुडूप, शेंड्यावर पिवळ्या माव्याची गर्दी. प्रत्येकी दोन मिलिमीटर, पाय काळे, मागे दोन काळ्या नळ्या. सगळ्या माद्या, नराविनाच पिल्लं जन्माला घालतात. एक मुंगळा त्यांच्यामधून मिशा टेकवत फिरत होता, गोठ्यात फिरावं तसा.

वाऱ्यासाठी नवं हत्यार: मोडक्या छत्रीची काडी जमिनीत खोचून तिच्या टोकाला कपड्यांचा चिमटा बांधला, चिमट्यात देठ. रुईचा चीक हाताला लागला, डोळ्याला लावायचा नाही हे बजावत राहावं लागलं.

गुडघ्यांवर वाकलेली बाई पाहून फिरायला आलेले एक काका थांबले.

"काय हरवलं का?"

"नाही काका, फोटो काढतेय."

"कशाचा? गवताचा?"

"माव्याचा."

"माव्याचा?" जरा वेळ विचार करून, "आमच्या जास्वंदीवर हवा तेवढा आहे. घेऊन जा सगळा."

२० ऑक्टोबर

बाल्कनीत कोळिष्टकाखाली फुलपाखराचा सुटा पंख पडलेला. एकास एकला खवले दिसतात, उतरत्या छपरावर कौलं घालावीत तसे. चांगला आला म्हणून छापून मामांकडे नेला. त्यांनी ड्रॉवरमधलं भिंग काढलं, मधला भाग बघितलासुद्धा नाही, चारही कोपरे फिरले. "उजवीकडे वर ढिलं आहे. कॅमेरा तिरका होता तुझा."

होताच. माझं म्हणणं, किड्यांत कोपऱ्याला कोण विचारतं. त्यांचं म्हणणं, हा किडा नव्हे, हा कागद आहे, सपाट. मग त्यांनी त्यांची जुनी युक्ती दाखवली. कागदाच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि व्ह्यूफाइंडरमधून बघत कॅमेरा हलवायचा. लेन्सला स्वतःचंच प्रतिबिंब बरोबर मध्यावर दिसलं की कॅमेरा आणि कागद समांतर. पातळी मोजायची काचनळी नको, काही नको. मामींच्या पर्समधला आरसा घेऊन तिथेच टेबलावर करून पाहिलं. व्ह्यूफाइंडरमध्ये काळं वर्तुळ, त्याच्या आत आणखी वर्तुळ, विहिरीत डोकावल्यासारखं. दोन्ही एकमध्य झाली आणि पंखाचे चारही कोपरे एकदम जागे झाले. कोळ्याच्या नाकाचं कोडंही याच जातीचं होतं. त्याला आरसा कुठे लावणार हा भाग वेगळा.

१७ नोव्हेंबर

दहा दिवसांपूर्वी संध्याकाळी टेकडीवर वाळक्या गवताच्या एका काडीवर निळ्या पट्ट्यांच्या एकांड्या मधमाश्या दिसल्या होत्या. यांना पोळं नसतं. नर रात्री काडीला जबड्याने चावा घेऊन झोपतात, पाय बहुतेक मोकळेच. तीच काडी त्यांना रोज लागते. तिच्याशेजारी दगड रचून खूण केली होती.

आज पहाटे पावणेसहाला पोचले. स्वेटर असूनही दात वाजत होते. नऊ जण एकाखाली एक, सगळ्यांच्या अंगावर दव. फ्लॅश काढून ठेवला. झोपलेल्यांना कशाला लखलखाट, आणि सव्वासहानंतर आकाशाचा उजेड ट्रेसिंग पेपरहून चांगला. काडीला चिमटा, जमिनीवर तांदळाची पिशवी, पिशवीवर कॅमेरा. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचं चित्र, मोठा करून डोळ्याच्या जाळीवर आले. एफ ८, १/४ सेकंद, दोन सेकंदांचा टायमर. पहिल्यांदाच कंबर वापरली नाही. पिशवीतले तांदूळ बोटाने दाबत कॅमेरा केसाकेसाने पुढे नेला.

मोठ्या हिरवट डोळ्याच्या कडेला दवाचे सात थेंब, प्रत्येकात उलटी टेकडी. पाठीच्या तांबूस केसांत थेंब अडकलेले. पोटावरचे पट्टे निळे म्हणायचे की चांदीचे, कॅमेऱ्यालाही ठरवता येईना. कॅमेरा बाजूने, अंगाशी समांतर धरल्यामुळे डोळ्यापासून शेवटच्या पट्ट्यापर्यंत सगळं स्पष्ट. मामांना कोपरे तपासायला देणार आहे.

सातला ऊन काडीवर आलं. वरच्याने आधी एक पाय हलवला, मग मिशा पुसल्या, दव झटकलं. थरथरत अंग तापवत राहिला आणि एकदम गेला. त्याच्यामागे दुसरा.

पाठीमागे पावलं वाजली. तेच काका, कानटोपीत. या वेळी लांबच थांबले आणि हळू आवाजात विचारलं, "उठले का हो सगळे?"

"आठ उठले. एक आहे अजून."

"असू दे, रविवार आहे," म्हणाले आणि माझ्या सावलीत येणार नाहीत अशा बेताने खाली बसले.